मागची थप्पी

मिरजगाव,
मार्गशीर्ष पौर्णिमा

जळणाऱ्या जगाकडे पाहून ज्यांनी डोळे मिटून घेतले नाहीत त्या करुणामय तथागतांना, त्यांनी दाखविलेल्या धम्माला आणि तो धम्म आजवर जतन करून ठेवणाऱ्या संघाला प्रथम त्रिवार वंदन. त्यांच्या कृपाछायेत बसून हे लिहीत आहे. त्या छायेत बसण्याची माझी पात्रता किती, ते पत्र वाचून झाल्यावर तूच ठरव.

प्रिय दीपा,

सप्रेम जयभीम. अकरा महिने झाले, तू या घराचा उंबरा ओलांडलेला नाहीस, आणि त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. तुझ्या सासूबाईंच्या जलदानविधीच्या दिवशी विहारात शंभर-सव्वाशे माणसांसमोर मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सून घरात असती तर भागीरथी आज आपल्यात असती. पण सुनेला चुलीचा धूर सोसला नाही." तू उठलीस, पायात चपला घातल्यास आणि फाट्याकडे चालू लागलीस. ते वाक्य तेव्हापासून गावोगाव फिरत आहे. मागच्या महिन्यात केडगावच्या लग्नात दोन बायकांनी तुला पाहून तोंडे फिरविली, हे प्रशांतने मला फोनवर सांगितले. तो फक्त एवढेच म्हणाला, "आबा, तुमच्या एका वाक्यावर ती रोज जगतीय." ते वाक्य खोटे होते, दीपा. उच्चारताना ते खोटे आहे हे मला ठाऊक होते. ते किती खोटे होते हे सांगायचे तर मला लाकडांपासून सुरुवात करावी लागेल. तू या घरात चार वर्षे राहिलीस. लाकडांची गोष्ट त्याच्या फार आधी सुरू झाली आहे.

यंदा थंडी लवकर पडली. सकाळी वस्तीवरून कुऱ्हाडींचे आवाज येतात, आणि सवयीने माझे खांदे आखडतात. मी यंदा एकही ओंडका फोडलेला नाही. तुला आठवत असेल, दिवाळी सरली की बांधावरच्या बाभळीपैकी एक मी निवडत असे. ती अंधाऱ्या पंधरवड्यातच तोडायची. त्या दिवसांत तोडलेल्या लाकडाला भुंगा लागत नाही, असे जुनी माणसे सांगत. ते खरे की खोटे याचा शोध मी कधी घेतला नाही. शाळेत मुलांना प्रत्येक गोष्टीचे कारण विचारायला शिकविणारा मी मास्तर, कुऱ्हाड हाती आली की वडिलांचा मुलगा होत असे. ओंडके हातभर लांबीचे कापून महिनाभर तसेच पडू द्यायचे. मग पौषातल्या कोरड्या थंडीत फोडायचे, कारण त्या हवेत लाकूड ताठ होते आणि रेषेत उकलते. गाठ आली तर घाव गाठीवर घालू नये, तिच्या बाजूने चीर शोधावी, चिरेत पाचर बसवावी आणि घणाचे दोन ठोके द्यावेत. चिंचेचे लाकूड मात्र उलट्या काळजाचे. त्याचे तंतू एकमेकांत अडकलेले असतात, त्याला माणसाचा संयम लागतो. हे सगळे मी तुला अंगणात उभे करून समजावून सांगितले होते. तू पदराने नाक झाकून ऐकून घेत होतीस, कारण त्याच वेळी स्वयंपाकघरातून धुराचा लोट बाहेर येत होता. तो मला दिसत नव्हता असे मी म्हणणार नाही.

फोडलेले लाकूड म्हणजे सरपण नव्हे. सरपण व्हायला त्याला दोन उन्हाळे लागतात. जमिनीवर दोन आडवे ओंडके टाकून त्यावर रचायचे, म्हणजे वाळवी चढत नाही. भिंतीपासून वीतभर अंतर सोडायचे, म्हणजे वारा मागूनही फिरतो. साल वरच्या अंगाला ठेवायची. वैशाखात उलथापालथ करायची आणि मृगाच्या आधी पत्र्याखाली घ्यायचे. दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहावेत: ओले असेल तर चिखलात दगड पडल्यासारखा आवाज येतो, आणि वाळलेले असेल तर खणखणते. बाभळीचे चांगले वाळलेले लाकूड पेटले की ज्योत स्थिर राहते, निखारा तासभर टिकतो आणि धूर जवळजवळ होत नाही. हायवेवरच्या वखारीचे गनीभाई दर वर्षी येऊन माझी थप्पी पाहून जात. चाळीस वर्षांची आमची दोस्ती. मी त्यांना धम्मातले सांगावे, त्यांनी मला त्यांच्या दीनातले सांगावे, आणि शेवटी दोघांनी लाकडांवर यावे. त्यांनी एकदा मागच्या थप्पीतले एक ढलपे उचलले, वाजवून पाहिले, त्यावर मी खडूने लिहून ठेवलेली फोडणीची तारीख वाचली आणि म्हणाले, "गुर्जी, चार वर्सं झाली हिला. लाकूड हाय का लोनचं? मुरवता किती! आता जाळा की, न्हाईतर भुसा हुईल." मी हसलो. भागीरथी दारातून म्हणाली, "गनीभाई, तुमीच सांगा त्यास्नी. माझं आयकून त्यांचा कान झिजंल." तिच्या बोलण्यावर आम्ही दोघेही हसलो होतो. तिला मात्र खोकल्याची उबळ आली आणि ती आत गेली.

ती मागची थप्पी काय होती हे तुला कोणी सांगितले नाही. मीही सांगितले नाही. माझे वडील गावकीचे सरपण फोडत. ते त्यांचे वतनाचे काम होते, म्हणजे नाही म्हणण्याची सोय नसलेले काम. गावातल्या मोठ्या घरांची लाकडे त्यांनी फोडायची, रचायची, वाळली की चुलीपर्यंत पोचवायची आणि उंबऱ्याबाहेर थांबायचे. गावात कोणी मेले तर सरणाची लाकडेही त्यांनीच वाहायची. या साऱ्याच्या बदल्यात आमच्या वाट्याला काय येई, तर झाडाचा शेंडा, ओल्या फांद्या, काटेरी डहाळ्या. माझ्या आईने आयुष्यभर ओले जळण जाळले. तिचे डोळे कायम लाल असत, आणि चाळिशीत तिला दिसेनासे झाले. छप्पन सालानंतर वडिलांनी गावकीचे काम सोडले. मी नऊ वर्षांचा होतो. त्यांनी कुऱ्हाड घराच्या आढ्याला टांगली आणि मला म्हणाले, "उत्तम, आता हिनं फकस्त आपल्या घरचं लाकूड फोडायचं." पुढे मी शिकलो, मास्तर झालो, पाली शिकलो, आणि स्वतःच्या रानातल्या बाभळीची पहिली थप्पी रचली. ती आता कुणाच्याही दारात न्यायची नव्हती. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो नोकरीच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता. उत्तम वाळलेले, खणखणणारे, आपल्या मालकीचे लाकूड घरामागे उभे आहे, एवढ्यानेच मला आपण माणूस असल्याची खात्री पटे.

आणि म्हणून ते मी जाळू दिले नाही. एवढे हे सरळ आहे. पुढची थप्पी रोजच्या वापराची, मागची राखीव. पुढची म्हणजे त्याच वर्षी फोडलेली, एकही पूर्ण उन्हाळा न पाहिलेली. नवे लाकूड पुढे रचले जाई, तेच हाताशी येई, तेच जाळले जाई. जुने मागे मागे जात राही. वाळलेले होताच ते माझ्या लेखी मौल्यवान होई, आणि मौल्यवान झाले की चुलीपासून वर्ज्य. भागीरथी दर श्रावणात म्हणे, "अवो, मागची थप्पी काढू द्या की दोन दिस. घरात मानूस दिसंना धुरानं." मी म्हणे, प्रसंगाला लागेल. कोणता प्रसंग, हे तिने एकदाच विचारले. मी प्रशांतचे लग्न म्हणालो. लग्नाचा स्वयंपाक नगरच्या आचाऱ्याने गॅसच्या भट्टीवर केला, आणि थप्पी तशीच राहिली. गॅस आपल्या घरातही होता, चहापुरता आणि पाहुण्यांपुरता. भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच. गॅसवरची भाकरी माझ्या घशाखाली उतरत नाही असे मी अभिमानाने सांगत असे. वर्षावासात तीन महिने विहारात बसून मी ग्रंथवाचन करी. लोभ, द्वेष आणि मोह हे तीन अग्नी माणसाला कसे जाळतात हे वीस वर्षे मी लोकांना उलगडून सांगितले. माझा आवाज चांगला आहे, लोक डोळे पुसत. घरी आलो की गरम भाकरी तयार असे आणि ती टाकणारीचे डोळे माझ्या आईसारखे लाल असत. हे साम्य मला कधी दिसले नाही. आज त्याचेच मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटते.

तुला ते पहिल्या महिन्यात दिसले. चौथ्या वर्षी खोकला वाढला, तेव्हा तूच तिला नगरला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलीस. मी बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. फुप्फुसांचा फोटो पाहून डॉक्टरांनी तिला विचारले, किती वर्षे विडी ओढता? आणि ती म्हणाली, "बिडी न्हाई वढत वो डाक्टरसाहेब, चूल वढते." डॉक्टर हसले नाहीत, हे तू मला परतीच्या एसटीत सांगितलेस. मी हसलो. तिच्या हजरजबाबीपणाचे कौतुक करून मी ते वाक्य पुढे चार ठिकाणी सांगितलेदेखील. डॉक्टरांनी चूल त्याच दिवशी बंद करा म्हणून सांगितले होते. तेही तू सांगितलेस. ते मी कुठे सांगितले नाही.

मग तू शेगडी आणलीस. सहा महिने लोकांचे ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवून तू ती तीन बर्नरची शेगडी घेतलीस, सोबत पाणी तापवायचा विजेचा गीझर. प्रशांतलाही आधी बोलली नव्हतीस. ओट्यावर शेगडी मांडलीस आणि चुलीच्या तोंडाशी पीठमिठाचे डबे रचून ठेवलेस. भागीरथी त्या दिवशी नव्या नवरीसारखी दिसत होती. ती म्हणाली, "दीपे, ही तर रेडिओवानी हाय. कान पिळला की चालू!" चार दिवस घरात धूर नव्हता. चार दिवस मी जेवताना भाकरीला नावे ठेवली. पाचव्या दिवशी विहाराच्या भोजनदानासाठी मोठी शेगडी हवी असल्याचे समितीचे लोक सांगायला आले आणि मी ओट्यावरची शेगडी उचलून त्यांच्या हवाली केली. पौर्णिमेच्या सभेत माझ्या नावाने टाळ्या वाजल्या. शेगडीवर लाल रंगात अक्षरे आली: आयु. उत्तमराव गुरुजी यांजकडून दान. दानाबद्दल मी आयुष्यभर बोललो आहे, दीपा. जे आपले नाही ते उचलणे याला पंचशीलात काय म्हटले आहे हेही मी शेकडो वेळा लोकांकडून म्हणवून घेतले आहे. त्या दिवशी माझ्या हातून चोरी झाली आणि ती मी शांतपणे, पांढरे कपडे घालून, हात जोडून केली.

तू भांडली नाहीस. तू फक्त येऊन समोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आबा, ही चूल आईंचा जीव घेणार. तुम्हाला कळतंय, तरी तुम्ही करताय. मला हे बघत इथं राहता येणार नाही." मी पुस्तकातून मान वर न करता दार उघडे असल्याचे सांगितले. सुनेने सासऱ्याला शिकवावे हे मला सोसले नाही. धूर कोणाला सोसला नाही हा प्रश्न तिथे नव्हताच. प्रशांत सुप्याच्या कारखान्याजवळ खोली करून राहत होता, तिथे तुम्ही संसार मांडला. जाताना तू भागीरथीला सोबत चला म्हणालीस. ती म्हणाली, "आन् ह्यांना भाकरी कोन टाकीन?" दिवाळीला तू पुन्हा विचारलेस, तिने तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा तू विचारलेस ते नगरच्या दवाखान्यात, मागच्या पौषात, नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असताना. त्या वेळी ती काही बोललीही नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी पायथ्याशी उभा होतो. तू बाहेर आलीस आणि प्रशांतला म्हणालीस, "आईंना मी कधी आपली वाटलेच नाही." दाराआडून ते मी ऐकले. तू त्याच संध्याकाळी सुप्याला परत गेलीस. तुझ्या जागी दुसरी कोणीही असती तरी तेच तिने केले असते.

पुढच्या सोमवारी प्रशांत तिला दवाखान्यातून घरी सोडून कामावर परतला. शनिवारी दुपारी ती गेली. गावातले लोक जमले आणि सरणासाठी लाकडे आणायला वखारीकडे टेम्पो पाठवायचे ठरू लागले, तेव्हा मी म्हणालो, लाकूड घरात आहे. मागची थप्पी मी स्वतः उतरवली. वर्षानुवर्षे वाळलेली बाभूळ आणि चिंच, प्रत्येक तुकडा वाजणारा. स्मशानात सरण रचताना मी दोनदा लोकांना थांबवून जाड लाकडे खाली घ्यायला लावली. पेटविल्यावर ज्योत सरळ वर गेली. धूर असा नव्हताच. मागे उभे असलेले कोणीतरी म्हणाले, "गुर्जींचं लाकूड लई भारी. बगा, धूर म्हनून न्हाई." आणि दीपा, त्या क्षणी मला अभिमान वाटला. क्षणभरच, पण वाटला. माझ्या बायकोला चितेवर ठेवलेले असताना मी आपल्या लाकडाची स्तुती ऐकून ताठ झालो. हे वाक्य लिहायला मला आज सकाळपासूनचा वेळ लागला आहे.

तू शेजारी होतीस. तू त्या ज्वाळेकडे पाहत, आवाज न चढवता म्हणालीस, "आत्ता निघाली व्हय ही थप्पी." पाच-सात जणांनी ऐकले. गनीभाईंनी ऐकले आणि मान खाली घातली. तुझ्या त्या वाक्यात माझे सारे आयुष्य होते, आणि ते लोकांनी ऐकले होते. त्याचाच सूड मी जलदानविधीला घेतला. तू मला खरे सांगितलेस म्हणून मी तुझ्याबद्दल खोटे सांगितले. शीलग्रहण होऊन अर्धा तासही झाला नव्हता. असत्य बोलण्यापासून विरत राहण्याची प्रतिज्ञा माझ्याच मागून सगळ्यांनी म्हटली होती.

त्यानंतरचे थोडक्यात लिहितो. भागीरथी गेल्यावर पंधरा दिवस गनीभाईंच्या घरून सुरय्याभाभींचा डबा येत होता. मग मीच नको म्हणालो आणि भाकरी करायला बसलो. मागची थप्पी संपलेली होती, पुढची तेवढी उरली होती. पहिल्या दिवशी मी चुलीसमोर किती वेळ बसलो असेन? अर्धा तास. फुंकणीने फुंकायचे, श्वास घ्यायला तोंड उघडायचे आणि तो धूर आत ओढायचा. तिसऱ्या भाकरीला मी बाहेर पळालो आणि अंगणातली भिंत धरून ओकलो. तिने हे बेचाळीस वर्षे केले. रिकामा डबा न्यायला आलेल्या सुरय्याभाभी कुंपणावरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "गुर्जी, आता कळलं का भाबी मागचं लाकूड का मागत हुत्या?"   तेव्हापासून मी चूल पेटवलेली नाही. गॅसवरची भाकरी माझ्या घशाखाली व्यवस्थित उतरते. विहारात जाऊन समितीच्या अध्यक्षांना सांगितले की शेगडीवरचे माझे नाव पुसा आणि दीपाचे घाला, ती तिची आहे. ते म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी, जुनं कशाला उकरता? रंग चांगला बसलाय." सगळ्यांना ते जसे आहे तसेच बरे वाटते. तुझ्याविषयीचे वाक्यही असेच बसले आहे, चांगल्या रंगासारखे. एकेकाला गाठून खरे सांगू लागलो तर लोक म्हणतात, गुरुजी मोठ्या मनाचे, सुनेला पदरात घेतात. म्हणजे खरे बोलूनही माझीच कीर्ती वाढते आणि तू होतीस तिथेच राहतेस.

आता जे लिहायचे आहे त्यासाठीच हे सारे लिहिले. सोमवारी प्रशांत गेल्यानंतर तासाभराने भागीरथीने मला जवळ बोलाविले आणि म्हणाली, "अवो, दीपीला फोन लावा. म्हनावं, न्यायला ये. मी येते म्हनावं. दवाखान्यात तुमी समोर हुता म्हून बोलले न्हाई." फोन माझ्या खिशात होता. मी उद्या लावतो म्हणालो. मंगळवारी तिने पुन्हा विचारले, बुधवारी दोनदा. गुरुवारी म्हणाली, "दीपीला सांगा, मला तिच्या हातची भाकरी खायची हाय, बिनधुराची." शुक्रवारी नुसते "लावला का?" म्हणाली, आणि मी लागत नाही असे सांगितले. शनिवारी तिने विचारले नाही. मी फोन लावला नाही, कारण ती सुप्याला आली असती तर गावाला कळले असते की तू बरोबर होतीस. याहून मोठे कारण माझ्याकडे नाही. तू अकरा महिने समजून आहेस की तिने तुला परके मानले. तिने तुला बोलाविले होते, दीपा. पाच दिवस बोलाविले होते. तो निरोप तुझा होता आणि मी तो अडवून ठेवला. येत्या पौष पौर्णिमेला तिचा पहिला स्मृतिदिन आहे. त्या दिवशी विहारात, जिथे ते वाक्य बोललो तिथेच उभा राहून, मी हे पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार आहे. अध्यक्षांकडे मी फक्त वीस मिनिटे मागितली आहेत, विषय सांगितलेला नाही. त्याआधी ते तुझ्याकडे पाठवीत आहे, कारण यात तुझे नाव आहे आणि तिचे तुझ्यासाठीचे शब्द आहेत, आणि ते चारचौघांत वाचायचे की नाहीत हे तू ठरवायचे आहे. तुझ्याबद्दलच्या ज्या ओळी नको असतील त्या खोडून परत पाठव. माझ्याबद्दलची एकही ओळ खोडू नकोस. तू यावेस असे मी म्हणत नाही, क्षमा करावीस असेही म्हणत नाही. मी मागितलेल्या गोष्टी या घरात फार दिल्या गेल्या.

हे पत्र जे वाचतील, जे विहारात बसून ऐकतील, ज्यांच्या घरी आज कोणी चुलीपुढे खोकत आहे आणि ज्यांच्या घरी कोणी ते ऐकून न ऐकल्यासारखे करीत आहे, त्या सर्वांना वेळेवर दिसो, वेळेवर ऐकू येवो. कोणाचाही निरोप कोणाच्या खिशात अडकून न राहो. सर्वांचे मंगल होवो, सर्वांना मोकळा श्वास लाभो.

तुझाच,
आबा
(उत्तमराव)